तोंडचा कागद

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी धर्मराज माझ्या ओटीवर आला, चप्पल न काढता खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मास्तर, एक कागद करायचा हाय. तुमच्या भाषेत. जरा वजनदार."

मी मास्तर नाही. पनवेलच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं मी लोकांना पुस्तकं दिली आणि परत घेतली, एवढंच. पण आमच्या गावात ज्याला चष्मा आहे आणि ज्याचं अक्षर बरं आहे तो मास्तर. गावकीचे सगळे कागद मीच लिहीत आलो. बांधावरची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, सरकारने शेतं घेतल्यावर मोबदला म्हणून साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटचे करार. हे लिहिताना आता लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

धर्मराज आमचा माजी सरपंच. बापाच्या भातशेतीवर त्याने सहा इमारती उभ्या केल्या आणि सगळ्यांना आईचं नाव दिलं. ती आई सातव्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची, कारण लिफ्टमध्ये तिला चक्कर येते असं तो सांगे. गावात शिरताना पहिल्या खांबापासून देवळापर्यंत त्याचे फ्लेक्स होते. प्रत्येकावर तो कानाला मोबाइल लावून दूर कुठेतरी बघतोय. कोणाशी बोलतोय ते मला कधी कळलं नाही. बहुधा पलीकडेही तोच असावा.

त्या आठवड्यात फ्लेक्सवरचा चेहरा बदलला होता. आता त्याचा धाकटा भाऊ हितेश हात जोडून उभा होता. जिल्हा परिषदेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

"भामाच्या पोरीचा कागद," धर्मराज म्हणाला. "निशाचा. तुमाला माहीतच हाय."

मला माहीत नव्हतं असं लिहायचा मोह होतो आहे. पण माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. निशा बारावी झालेली, बाप नसलेली पोर. तिची आई भामा पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते. निशा खांदा कॉलनीत हितेशच्या ऑफिसात कामाला होती. नव्या बिल्डिंगमधला सजवलेला सॅम्पल फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायचा, हे तिचं काम. एप्रिलमध्ये एका दुपारी हितेशने त्या फ्लॅटचं दार आतून लावलं. त्या दिवसापासून निशा कामावर गेली नाही. मग बोलायचीही थांबली. विचारलं तर मानेनं हो किंवा नाही. आठ महिने.

मग तिच्या घरासमोरच्या खांबावर हितेशचा फ्लेक्स लागला. संध्याकाळी ती आईला म्हणाली, "त्याला उतरव." आठ महिन्यांतले हे पहिले शब्द. त्यानंतर तिने आईला बाकीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेल्या. तिथे निशाच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून परत आल्या. कुणीतरी पाहिलं, धर्मराजला फोन केला.

"तिच्या सहीचा कागद गावकीच्या पेटीत पडला की झालं," धर्मराज म्हणाला. "उद्या ठाण्यात गेली तरी आपन कागद दाखवू. लिवा, की काय बी झालेलं नाय."

आणि मी काय केलं? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "'काही झालेलं नाही' हे खरं वाटणार नाही. 'गैरसमजुतीतून' म्हणावं."

धर्मराजने मांडीवर थाप मारली. "म्हनून तर तुमच्याकडं येतो आमी!"

मला बरं वाटलं. त्या क्षणी, एका मुलीच्या तोंडात बोळा कोंबताना, मला शब्द चांगला सुचल्याबद्दल बरं वाटलं. माणूस किती हलका असू शकतो हे शोधायला मला आयुष्यभर पुस्तकं चाळायची गरज नव्हती.

मी लिहिलं: 'सदर प्रकार उभयतांमधील गैरसमजुतीतून घडला असून आता माझ्या मनात कोणाविषयीही किंतु उरलेला नाही. सबब माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' वाचून धर्मराज म्हणाला, "किंतु. वा."

*

गावकी बारा वाजता देवळाच्या सभागृहात बसली. या सभागृहातल्या प्रत्येक लादीवर देणगीदाराचं नाव आहे आणि पंख्याच्या पात्यांवरसुद्धा आहे, म्हणजे वारा कोणाचा हे लक्षात राहतं. पंच तिघे: मधे गादीवर धर्मराज, उजवीकडे तुळशीराम, डावीकडे जगन. तुळशीराम पाच वेळा पंचायतीला पडलेला. त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींचा अनुभव आहे असं मानतात. जगनकडे गावकीच्या कागदांच्या पेटीची किल्ली असते. हितेश मागे खांबाला टेकून मोबाइलवर बोटं फिरवत होता. गळ्यात दाव्याएवढी सोन्याची साखळी, पण दावं जनावराला निदान कशाला तरी बांधून ठेवतं. सभागृहाच्या मागे मटण शिजत होतं. समेट झाला की गाव जेवणार होतं. समेट होणारच याबद्दल आचाऱ्यालाही शंका नव्हती.

बायका गावकीत बसत नाहीत, दाराबाहेर बसतात. पण निशाचा कागद म्हणून तिला आणि भामाला आत एका कोपऱ्यात बसवलं होतं. निशाने ओढणी घट्ट लपेटून घेतली होती. ती लाद्यांवरची नावं वाचत असावी.

आता आमच्या गावकीचा एक नियम सांगायला हवा. आमचे आजे-पणजे मिठागरात राबायचे. शेठ कागद पुढे करायचा, हे अंगठे उठवायचे, आणि मग कळायचं की जमीन गेली. दोनतीनदा फसल्यावर त्या अडाणी माणसांनी ठरवलं: गावकीत कागद झाला की तो मोठ्याने वाचायचा. ज्याचा कागद आहे त्याने 'माज्या तोंडचा हाय' असं म्हटल्यावरच सही. तो 'नाय' म्हणाला, तर तो तोंडाने सांगेल तसा कागद त्याच बैठकीत पुन्हा लिहायचा, आणि तो पुरा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. कार्बन घालून दोन प्रती काढायच्या, एक पेटीत, एक त्याच्या हातात.

माझ्या आयुष्यात 'नाय' कुणी म्हटलेलं नव्हतं. लग्नात भटजी विचारतो तसं ते विचारायचं. धर्मराजने नियम देवळाच्या भिंतीवर संगमरवरात कोरून घेतला होता, खाली स्वतःचं नाव घालून. निवडणुकीत परंपरा चालते.

मी उभा राहिलो आणि वाचलं. माझा आवाज वाचताना चांगला लागतो. 'किंतु'वर मी किंचित थांबलोही.

"झालं," तुळशीराम म्हणाला. "चांगला कागद. बोल गो पोरी, तुज्या तोंडचा हाय ना?"

"तिला बोलायला जमत नाय," धर्मराज उदारपणे म्हणाला. "मान हलवली तरी चालंल."

निशाने मान वर केली. मला वाटलं हलवेल.

"नाय," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता. ठेवणीतल्या भांड्याचं झाकण काढताना येतो तसा. मागच्या रांगेतल्या कुणालातरी ऐकू आलं नाही. "काय बोल्ली?" त्याने विचारलं.

"नाय बोल्ली," भामा म्हणाली. "बहिरा हायस का?"

धर्मराज हसला. फ्लेक्सवर असतं तेच हसू. "बघ पोरी, तू आमच्या घरातली. गावाची लेक तू. एवढी मानसं उपाशी बसली हायेत."

"जेवा की," भामा म्हणाली. "तुमाला कोनी धरलंय? भिंतीवर लिवलंय तुमीच. उठून दाखवा."

तुळशीराम घसा खाकरून म्हणाला, "नियम हाय तो जमिनीच्या कागदासाठी. या असल्या बायकांच्या कागदाला..."

"असं कुठं लिवलंय?" दारातून एका म्हातारीचा आवाज आला. बाहेरच्या बायका उंबऱ्यापर्यंत सरकल्या होत्या.

आणि मग नियम वाचवला तो जगनने. न्यायबुद्धीने नाही, ती त्याच्या सात पिढ्यांत आढळणार नाही. पेटीच्या किल्लीवर हात ठेवून तो धर्मराजच्या कानाशी कुजबुजला, पण त्याला कुजबुजता येत नाही, सगळ्यांना ऐकू गेलं: "दादूस, आज नियम मोडला तर माज्या भावाचा प्लॉटचा कागद बी उद्या कोनी मानायचा नाय. तुजे बी चार कागद हायेत पेटीत."

प्रत्येकजण आपापला प्लॉट आठवत होता. माझ्या माहितीत गावाने एखाद्या मुलीला बोलू दिलं ते असं, आपली जमीन सुटेल या भीतीने.

"लिवा मास्तर," धर्मराज म्हणाला. "काय बोलते ते लिवा. आटपा."

त्याला खात्री होती की तिला दोन वाक्यंही जमणार नाहीत. खरं सांगायचं तर मलाही होती.

निशा उभी राहिली नाही. बसूनच बोलली, माझ्या कागदाकडे बघत, मी लिहितोय की नाही ते पाहत.

"लिवा. माजं नाव निशा. मी खांदा कॉलनीत हितेशच्या ऑफिसात कामाला होते. एप्रिलच्या एकोनीस तारखेला दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक येनार म्हनून त्यानं मला सॅम्पल फ्लॅटमदे बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं."

"पोरी, विचार करून बोल," तुळशीराम म्हणाला.

"आठ महिने तोच केला, काका." ती थांबली. पाणी मागितलं नाही, तिला कुणी दिलंही नाही. "त्या फ्लॅटमदे सगळं खोटं असतं. फ्रिज पोकळ. टीव्ही पुठ्ठ्याचा. पलंग तेवडा खरा. मी पुठ्ठ्याच्या टीव्हीकडं बगत होते. त्याच्यावर समुद्राचं चित्र होतं. हे बी लिवा."

"टीव्हीचं कशाला?" जगन म्हणाला.

"मी बगत होते म्हनून."

मी लिहिलं. हितेशची बोटं मोबाइलवर थांबली होती. तो दाराकडे निघाला, पण दारात बायका बसल्या होत्या, आणि नियमाप्रमाणे कुणी उठायचं नव्हतं. "बस रे," त्याला कुणीतरी म्हणालं. आवाज पुरुषाचा होता. कोणाचा, ते नंतर कुणीच कबूल केलं नाही.

मग तिने ते वाक्य सांगितलं. त्यात त्या कृत्याला जो शब्द आहे तो तिने उच्चारला. वर्तमानपत्रात मी तो रोज वाचायचो. सभागृहात कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. हितेशने ते केलं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. तिने उच्चार केल्यावर म्हटलं.

तिने पुढे सांगितलं की ती नको म्हणाली होती, दोनदा, की त्याने नंतर तिला ऑफिसच्या गाडीने घरी सोडायला सांगितलं, आणि ड्रायव्हरने वाटेत गाणी लावली होती. कागद पुरा झाला. धर्मराजला घाम आला होता. मटणाचा वास आता करपल्यासारखा येत होता.

"वाचा," भामा म्हणाली.

मी वाचायला लागलो. यावेळी आवाज लागेना. खांदा कॉलनी, एकोणीस तारीख, पुठ्ठ्याचा टीव्ही, समुद्र. आणि त्या वाक्यावर आलो तेव्हा मी वाचलं: "त्या ठिकाणी हितेश याने माझ्याशी गैरवर्तन केले."

"नाय," निशा म्हणाली. "हे माज्या तोंडचं नाय."

मी कागदाकडे पाहिलं. तिथे खरंच तसं लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात, वळणदार. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, आणि हे सांगून मी स्वतःला सोडवत नाही, कारण मुद्दाम लिहिलं असतं तर निदान भीतीने लिहिलं असं तरी म्हणता आलं असतं. माझ्या हाताला तीच सवय होती. चौतीस वर्षं चांगलं मराठी वाचून मी हे कमावलं होतं: ज्या गोष्टीने माणूस मोडतो, तिला बसायला पाट देणारा शब्द.

"मी काय बोल्ली ते लिवा," ती म्हणाली. "आनि वाचा."

"अगं, अर्थ तोच होतो," मी म्हणालो. माझ्या कानांना ते ऐकू आलं.

"तोच होतो तर माजा लिवा."

मी खोडलं आणि लिहिलं. मग वाचलं. पंचांच्या समोर, आचाऱ्याच्या समोर, दारातल्या बायकांच्या समोर मी 'बलात्कार' म्हणालो. आवाज चिरकला. बायकांतली एक हसली, मला; बरं केलं. बासष्ट वर्षांच्या माणसाला एक शब्द उच्चारताना घाम फुटतो आणि बावीस वर्षांची पोर तो सरळ बसून उच्चारते, यात हसण्यासारखं होतंच.

"माज्या तोंडचा हाय," निशा म्हणाली आणि तिने दोन्ही प्रतींवर सही केली.

एक प्रत जगनने पेटीत टाकली आणि कुलूप लावलं, असा चेहरा करून की जणू पेटीत विंचू ठेवला. दुसरी निशाने ओढणीत धरली. मग गाव मटण जेवलं. हो, जेवलं. करपलं होतं तरी दोन पंगती उठल्या.

*

संध्याकाळी धर्मराज पुन्हा माझ्याकडे आला. यावेळी सोबत तुळशीराम. हितेशचं वर्तन चांगलं असल्याचं एक पत्र लिहायचं होतं, खाली गावाच्या सह्या. पन्नास सह्या कबूल झाल्या होत्या. दुपारी शिव शिव म्हणणाऱ्यांच्याही त्यात होत्या. मजकूर तेवढा माझा हवा होता.

"माझा हात दुखतोय," मी म्हणालो.

"डॉक्टरला दाखवतो," तुळशीराम म्हणाला.

"दुखतोय," मी पुन्हा म्हणालो, आणि उजवा हात डाव्या हातात धरून बसलो. ते गेल्यावरही मी तो तसाच धरून होतो. नाही म्हणायला माझ्याजवळ एवढंच होतं. पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. ऐकलं की त्यात शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या.

सकाळी सातला भामा आणि निशा माझ्या ओटीवर आल्या. निशाने चप्पल काढली. मला वाटलं आभार मानायला आली. माझी अशी समजूत होते याचंही काही वाटेनासं झालं आहे.

"कोरे कागद हायत?" तिने विचारलं.

मी दिले. ती माझ्या टेबलाशी बसली आणि समोर ती प्रत ठेवून स्वतःच्या अक्षरात उतरवायला लागली. अक्षर मोठं, शाळकरी, ओळी उजवीकडे चढत जाणाऱ्या. मी म्हणालो, "प्रत आहेच की. ठाण्यात चालेल."

"खोडाखोड हाय त्यात," ती म्हणाली. "आनि अक्षर तुमचं. त्यांना वाटंल तुमी शिकवलंत."

"मी नीट लिहून देऊ का पुन्हा?"

तिने पेन थांबवलं. "मास्तर, तुमी लय छान लिवता. म्हनून मला तुमची भीती वाटते."

भामाने आपल्या पोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, मासळी उन्हात टाकताना कावळ्यावर नजर ठेवतात तशी.

निशाला दीड तास लागला. दोनदा ती उठून अंगणात गेली, नळाखाली हात धरून उभी राहिली आणि परत आली. पुठ्ठ्याच्या टीव्हीच्या ओळीपाशी तिने एक वाक्य नवं घातलं. ते मी वाचलं नाही. तिने कागद उलटा ठेवला होता.

निघताना मी म्हणालो, "मी सोबत येऊ का?"

"यायचं तर या," भामा म्हणाली. "पन तोंड उघडू नका."

रिक्षात मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. फाटकाशी निशा थांबली, जिथून मागच्या वेळी परत फिरली होती तिथेच. भामाने तिचा हात धरला नाही. नंतर तिने मला सांगितलं की धरला असता तर पोर रडली असती. निशाने कागदांची घडी उलगडली, पहिली ओळ ओठांनी वाचली आणि आत गेली.

एका बाई फौजदारांनी तिला आतल्या खोलीत नेलं. आईला सोबत घेतलं. कागद घेतला, तारीख टाकली आणि म्हणाल्या, "आता तूच सांग. हे लिहून घेतील." टेबलापलीकडे एक तरुण हवालदार वही उघडून बसला होता. दार अर्धवट लोटलं. मी बाहेर बाकावर बसलो, तोंड बंद करून.

पहिला बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज, खालच्या पट्टीत, थांबत थांबत. हवालदार मधून विचारायचा, बाई फौजदार त्याला मधूनच गप्प करायच्या. अर्धा तास गेला असेल. माझ्या शेजारी एक माणूस हरवलेल्या बकरीची तक्रार द्यायला आला होता. त्याने मला विचारलं, तुमचं काय? मी म्हणालो, माझं काही नाही.

मग आतून निशाचा आवाज आला, आता दाराबाहेर स्पष्ट ऐकू येईल एवढा.

"काय लिवलं? वाचा."

हवालदार काहीतरी पुटपुटला. मला शब्द ऐकू आला नाही. कुठला असेल ते मला बसल्याजागी ठाऊक होतं.

"नाय," ती म्हणाली. "तसं नाय बोल्ली मी. खोडा ते. मी सांगते, लिवा."

आणि तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्याचं पेन मागे पडणार नाही इतक्या बेताने.